ओहायो स्टेटचा रन गेम गेला कुठे? आणि ते प्ले कॉल द्यायचं सुचलं कुणाला?

कोलंबसचा_काका | 1 डिसेंबर 2024, सकाळी

झोप लागली नाही म्हणून धागा काढतोय. काल कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल मॅचला, स्टेडियमच्या वरच्या सी डेकमध्ये होतो, तापमान शून्याच्या खाली, अंगावर चार थर, खिशात गरम पाकिटं, आणि समोर काय बघितलं तर मिशिगन 13, आपलं ओहायो स्टेट 10. आपण देशात नंबर 2, ते 6-5 (सहा जिंकलेल्या, पाच हरलेल्या) करून आलेले, सट्टेवाले आपल्याला वीसेक पॉइंटांनी पुढे धरून बसलेले. यांच्याशी सलग चौथ्यांदा हरलो हो. 2021, 22, 23 आणि आता घरच्या मैदानावर हे.

हरण्याचं दुःख आहेच पण मला मुद्दा वेगळा मांडायचाय. जेरेमाया स्मिथ, एमेका इग्बुका, कार्नेल टेट असे तीन रिसीव्हर (पास झेलणारे) हाताशी असताना हा प्ले ठरवणारा कोऑर्डिनेटर चिप केली पुन्हा पुन्हा रन देऊन बॉल मधोमध का घुसवत होता? मधोमध उभे कोण तर मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. देशातली सगळ्यात भक्कम जोडी असेल ती त्या जागेवरची. म्हणजे भिंत जिथे सगळ्यात जाड तिथेच डोकं आपटायचं.

वरून बघताना एक फायदा असतो, टीव्हीवर दिसत नाही ते दिसतं. स्नॅपच्या, म्हणजे बॉल खेळात यायच्या आधी मिशिगनचे दोन्ही सेफ्टी (सगळ्यात मागचे बचाववाले) लांब मागे उभे, कडेला अंगण मोकळं, आणि बॉल घेऊन पळणारा आपला हेंडरसन सरळ ग्रॅहमच्या दिशेने. पुढे अडवणारा आपला गार्ड एक पाऊल मागे सरकला की वरून कळायचं की संपलं हे. माझ्या शेजारी एक आजोबा बसतात, गेली कित्येक वर्षं तीच सीट. तिसऱ्या क्वार्टरनंतर त्यांनी बघणंच सोडलं, स्नॅप झाला की नुसतं हाताने सांगायचे, दोन बोटं, एक बोट, मूठ. दोन यार्ड, एक यार्ड, शून्य. एकदाही चुकले नाहीत बहुतेक.

हेंडरसन 10 वेळा पळाला, 21 यार्ड. जडकिन्स 12 वेळा, 46 यार्ड. संपूर्ण टीम 26 रन, 77 यार्ड. दुसऱ्या हाफमध्ये भोपळा! एक पॉइंट नाही!!

बोला आता.

---

बकआय_बंड्या | 1 डिसेंबर 2024

काका +100. मी टीव्हीवर बघितलं तरी बीपी वाढलं. बायको म्हणाली तू कॉलेजला तिथे नव्हतासच मग एवढं काय. तिला काय सांगणार, इथे पंधरा वर्षं राहून मिशिगनचा एम लिहितानाही हात कापतो. मिशिगन वीकमध्ये कॅम्पसवर सगळ्या एम अक्षरांवर लाल पट्ट्या चिकटवलेल्या बघितल्यात ना तुम्ही.

ती फील्ड गोलं (खांबांमधून मारायच्या किक) पण विसरू नका, 38 आणि 34 यार्डांवरून दोन हुकली. त्यातलं एक जरी गेलं असतं तर आज हा धागा नसता.

---

मुलुंडची_मीरा | 1 डिसेंबर 2024

अज्ञानाबद्दल क्षमस्व, मी ऑगस्टमध्येच आलेय इथे मास्टर्सला. रूममेट काल रडत होती म्हणून उत्सुकता. रन म्हणजे बॉल घेऊन पळणं हे कळलं, पण 21 यार्ड वाईट का? पुढेच गेला ना?

---

कोलंबसचा_काका | 1 डिसेंबर 2024

मीरा, क्षमस्व कसलं, विचार बिनधास्त. चार प्रयत्नांत 10 यार्ड काढायचे, त्या प्रयत्नाला डाउन म्हणतात. काढले की पुन्हा चार मिळतात. व्यवहारात तीनच धर, चौथ्याला बहुतेक किक मारून बॉल देऊन टाकतात. आता पहिल्या दोन रनला मिळून चार यार्ड आले तर तिसऱ्याला सहा उरतात, आणि सगळ्या स्टेडियमला माहीत की आता पास येणार. डिफेन्स दात काढून बसलेलाच असतो. म्हणजे फुकट गेलेला रन नुसता तेवढ्यावर थांबत नाही, पुढच्या पासचाही गळा आवळतो.

कबड्डी बघितली आहेस ना? समोर कोपरा उघडा पडलाय आणि चढाईवाला दर वेळी मधल्या पैलवानाच्या मांडीवर जाऊन बसतो. पहिल्यांदा आपण म्हणतो हिंमत आहे. चौथ्यांदा प्रशिक्षकाकडे बघतो.

---

अ‍ॅन_आर्बरचे_अण्णा | 1 डिसेंबर 2024

नमस्कार मंडळी 😌 मिशिगनचा निळा झेंडा घेऊन आलोय, दिवे घ्या.

आता थोडं तुमच्याच बाजूने बोलतो, आश्चर्य वाटेल. चिप केली वेडा नाहीये. आमच्या लोकांनी दोन सेफ्टी मागे ठेवले ते स्मिथच्या धास्तीने, कारण आमचा विल जॉन्सन खेळत नव्हता, म्हणजे रिसीव्हरला धरणारा सगळ्यात चांगला कॉर्नर बाहेर. दोन माणसं मागे गेली की पुढे बॉक्समध्ये, म्हणजे लाइनजवळ, माणसं कमी. कुठलाही कोऑर्डिनेटर हे बघून म्हणणार की गणित सांगतंय पळा. पुस्तकी उत्तर बरोबरच होतं. गोची अशी की त्या गणितात प्रत्येक माणूस एक धरलेला असतो. ग्रॅहम एक नाहीये, दीड आहे. ग्रँट पण दीड. तुमचे पाच म्हणजे आमचे सहा झाले, संपलं गणित.

आणि दुसरं, आम्ही काय केलं? 42 रन, 172 यार्ड. पासचे यार्ड किती माहितीये? 62. बासष्ट! त्यात दोन इंटरसेप्शन, म्हणजे पास तुमच्याच हातात. आमच्या मलिंग्जला 32 वेळा बॉल दिला, 116 यार्ड, सरासरी साडेतीनच्या आसपास. हेच आम्ही हरलो असतो तर अण्णा इथे रडत असते की एवढं काय रन रन करताय. जिंकलं की कणखर आणि हरलं की अडाणी, असं असतं हे.

शेवटी तिसरा डाउन, सहा यार्ड हवेत, मलिंग्जने 27 काढले. तिथे मॅच गेली. मग 21 यार्डांची किक, घड्याळात 45 सेकंद.

---

नागपुरी_संत्रं | 1 डिसेंबर 2024

अण्णा तुमी दीड माणसाचं गणित लय भारी सांगितलं बाप्पा 😂 पण काहून भौ, हे त्यायले पहिल्या क्वार्टरमंदी नाई समजलं? मानलं का पुस्तक सांगते पळा. दोनदा पळाले, तीनदा पळाले, भिंत हालून नाई रायली, मंग चवथ्या खेपेले तरी दुसरा दरवाजा पाहा ना बे! आमच्या इकडे बैल बी एकदा खड्ड्यात गेला का पुढच्या टायमाले बाजूनं जाते.

---

आकडेमोड्या | 1 डिसेंबर 2024

सगळे भावनेच्या भरात बोलताय म्हणून जरा थंड डोक्याने.

आपले 59 प्ले झाले. त्यात 33 पास, 26 रन. म्हणजे "नुसतं पळत बसले" हे खरं नाही, पासच जास्त होते. दोन मुख्य बॅकचे (हेंडरसन, जडकिन्स) मिळून 22 रन आणि 67 यार्ड, सरासरी तीनच्या जरा वर. आता पास टाकणारा आपला हॉवर्ड बघा: 33 पैकी 19 पूर्ण, 175 यार्ड, म्हणजे एका पासमागे साधारण 5.3. एक टचडाउन (बॉल गोल लाइनपार), दोन इंटरसेप्शन. पहिला तर आपल्याच गोल लाइनजवळ, त्यावर मलिंग्ज एक यार्डावरून आत. त्यांचा एकुलता एक टचडाउन आपण ताटात वाढून दिला.

स्मिथ: 5 झेल, 35 यार्ड. वर्षभर ज्या पोराने लोकांची झोप उडवली त्याला पस्तीस.

तेव्हा माझा आक्षेप रनच्या संख्येवर नाहीये, कधी आणि कुठे यावर आहे. पहिल्या डाउनला मधून रन, मग लांबचा तिसरा डाउन, मग हॉवर्डवर दबाव. 26 हा आकडा निरागस दिसतो पण त्याने बाकीचे 33 नासवले.

---

लाइनमन_लक्ष्या | 2 डिसेंबर 2024

कुणीच ओ-लाइनबद्दल (पुढे उभे राहून अडवणारे आपले पाच जण) बोललं नाही म्हणून लिहितो. हायस्कूलला इथेच होतो, दोन वर्षं गार्ड खेळलोय, गुडघा अजून बोलतो. लाइनचं कसं असतं की पाच जण एक वाक्य बोलतात. एक शब्द बदलला की वाक्याचा अर्थ जातो.

या वर्षी काय झालं बघा. 12 ऑक्टोबरला ओरेगनला 32-31 हरलो त्या मॅचमध्ये लेफ्ट टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला. त्याच्या जागी मिखाल्स्की, तो नेब्रास्काविरुद्ध जखमी. मग डॉनोव्हन जॅक्सन, जो मुळात लेफ्ट गार्ड, त्याला टॅकलला सरकवला. आतल्या जागेवर हिन्झमन. आणि नोव्हेंबरमध्ये इंडियाना मॅचच्या आठवड्यात सराव करताना सेंटर सेथ मॅक्लॉफलिनचा टाचेमागचा अकिलीस फाटला. मग हिन्झमन सेंटरला, गार्डला अजून तिसराच. म्हणजे मिशिगनसमोर डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, तिन्ही खुर्च्यांवर सीझन सुरू झाला तेव्हाची माणसं नव्हती.

सेंटर नुसता बॉल देत नाही. समोर कोण कुठे उभा आहे, कुणी कुणाला धरायचं, हे तो ओरडून सांगतो. ग्रॅहमसारखा माणूस समोर असेल तर गार्ड आणि सेंटर दोघांनी मिळून त्याला धरायचं, मग एकाने सुटून मागच्या लाइनबॅकरकडे जायचं. ते सुटायचं टायमिंग सरावाने येतं, शेजारच्याचा खांदा खांद्याला लागला की कळतं आता मी निघू. दोन आठवड्यांत नाही येत ते. परवा काय होत होतं, एक तर दोघंही ग्रॅहमवर अडकून लाइनबॅकर मोकळा, नाहीतर एक लवकर सुटतोय आणि ग्रॅहम दुसऱ्याला ढकलत थेट हेंडरसनच्या पोटात.

मग अशा लाइनला घेऊन बाहेरून पळवा, टॉस (बॉल बाजूला फेकून) द्या, स्क्रीन (छोटा पास) द्या, त्या दोघा पैलवानांना आडवं धावायला लावून दमवा. हे मला कळतं ते केलीला नाही कळत? त्याचं तर नावच रन गेमवर झालं ओरेगनला कोच असताना.

---

डब्लिनचे_नाना | 2 डिसेंबर 2024

लक्ष्या, उत्तम प्रतिसाद. आता मला वाटतं ते सांगतो, पटलं तर घ्या.

कळत नव्हतं असं नाहीच. हे सगळं 2021 पासूनचं दुखणं आहे. त्या वर्षी अ‍ॅन आर्बरला 42-27 हरलो, त्यांच्या हॅस्किन्सने पाच टचडाउन केले आपल्या छातीवर पाय देऊन, आणि तेव्हापासून गावभर एकच शब्द, "मऊ". ओहायो स्टेट मऊ झालंय, नाजूक पोरांची टीम झालीय, नुसती बॉल फेकते. पुढच्या वर्षी त्यांच्याच एडवर्ड्सने घरी येऊन 216 यार्ड काढले. आपला हेड कोच रायन डे हा माणूस मूळचा क्यूबी (क्वार्टरबॅक), पासवाला. पण तो शब्द त्याला लागला. तेव्हापासून मिशिगन आली की त्याला जिंकायचं कमी आणि सिद्ध जास्त करायचं असतं, की बघा आम्ही पण दंडात दंड घालू शकतो.

आणि हे गाव पण तसंच आहे. इथे वुडी हेझ 1951 ते 1978 कोच होता, तीन यार्ड आणि धुळीचा लोट हा त्याचा मंत्र. माझे शेजारी अजून तेच बोलतात. पास टाकून 40 पॉइंट केले तरी यांच्या तोंडावर समाधान नाही. मधून चार यार्ड ढकलून काढले की उभं राहून टाळ्या. त्या टाळ्यांचा दोष नाही का काहीच?

केली आणि डे यांचं नातं पण बघा. न्यू हॅम्पशायरला डे क्यूबी होता तेव्हा केली त्याचा कोऑर्डिनेटर. आता शिष्य मालक आणि गुरू नोकरीला. प्ले कॉल केलीचे, मान्य, पण "आज मऊ दिसायचं नाही" हे वरून आलेलं असणार, निदान मला तरी तसंच वाटतं.

---

बकआय_बंड्या | 2 डिसेंबर 2024

नाना पटलं पण पेन स्टेटला काय मग? 2 नोव्हेंबर. त्यांना गोल लाइनवर अडवलं, आपल्याला बॉल मिळाला तो आपल्याच एक यार्डावर, पाच मिनिटं आणि काही सेकंद बाकी. सलग 11 रन मारून घड्याळच संपवलं! 20-13. तेव्हा हाच केली देव होता, मी स्वतः इथे लिहिलं होतं चिप केलीला कॅम्पसवर पुतळा पाहिजे.

---

लाइनमन_लक्ष्या | 2 डिसेंबर 2024

बंड्या, त्या दिवशी सेंटर मॅक्लॉफलिन होता. प्रश्न सुटला.

---

डब्लिनचे_नाना | 2 डिसेंबर 2024

आणि बंड्या मला तर वाटतं त्या 11 रननेच घात केला. एकदा लॉटरी लागली की माणूस रोज त्याच दुकानात जातो.

---

मुलुंडची_मीरा | 2 डिसेंबर 2024

हे सगळं वाचून परवाची मॅच पुन्हा लावून बघितली आणि थोडी थोडी कळायला लागली 😊 पण शेवटी मारामारी का झाली? पोलिसांनी पेपर स्प्रे मारला ना?

---

अ‍ॅन_आर्बरचे_अण्णा | 2 डिसेंबर 2024

आमच्या पोरांनी तुमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला, तुमचा जॅक सॉयर चिडला, मग जुंपली. बिग टेन लीगने दोन्ही विद्यापीठांना एक-एक लाख डॉलर दंड केला. चूक आमचीच हे मान्य, जिंकल्यावर घरी जावं.

सॉयरबद्दल मात्र वाईट वाटलं. आमचा पास गोल लाइनजवळ त्यानेच पकडला होता, जीव तोडून खेळला. तो, हेंडरसन, इग्बुका, 2021 ला आलेली ती सगळी बॅच, आता शेवटचं वर्ष, चारपैकी शून्य. मिशिगनला हरवलं की ते सोन्याच्या चड्डीचं छोटं पदक देतात ना तुमच्याकडे, त्या पोरांना एकही नाही.

---

नागपुरी_संत्रं | 2 डिसेंबर 2024

सोन्याची चड्डी?? 😂😂 हे खरं हाय का बे काका?

---

कोलंबसचा_काका | 2 डिसेंबर 2024

खरं आहे रे. 1934 पासून. नखाएवढी असते. हसू नकोस, इथे लोक ती तिजोरीत ठेवतात.

---

कोलंबसचा_काका | 22 डिसेंबर 2024

धागा वर काढतोय. काल रात्री प्लेऑफमध्ये टेनेसीला हरवलं, 42-17. या वर्षापासून प्लेऑफमध्ये 12 टीम म्हणून आपली वर्णी लागली, नाहीतर मिशिगनने हरवलं तिथेच वर्ष संपलं होतं. स्टेडियममध्ये एवढा भगवा... म्हणजे नारिंगी रंग, निम्मे तेच की काय असं वाटत होतं. आपल्या लोकांनी रुसून तिकिटं विकली त्यांना.

आणि बघा काय केलं! सुरुवातच स्मिथला बॉल देऊन. हॉवर्ड 311 यार्ड. त्यांचे सेफ्टी घाबरून मागे मागे, मग रन. शेजारचे आजोबा मूठ वळवायच्या ऐवजी दोन्ही हातांची बोटं दाखवत होते.

मग मला सांगा तीन आठवड्यांपूर्वी हे कुठे ठेवलं होतं? कपाटात?

---

आकडेमोड्या | 2 जानेवारी 2025

रोझ बोल, म्हणजे प्लेऑफची क्वार्टरफायनल. ओरेगनवर 34-0 झालं होतं दुसऱ्या क्वार्टरमध्येच. शेवटी 41-21. स्मिथ 7 झेल, 187 यार्ड. हेंडरसनचा 66 यार्डांचा एक रन. तीच लाइन, तोच सेंटर, तोच कोऑर्डिनेटर.

लक्ष्या, आता बोल.

---

लाइनमन_लक्ष्या | 2 जानेवारी 2025

बोलतो ना. एक, महिनाभर एकत्र सराव मिळाला, हिन्झमन सेंटरला रुळला, जॅक्सन टॅकलला चक्क भारी खेळायला लागला. दोन, समोर ग्रॅहम-ग्रँट नाहीत. तीन, आधी पास मग रन. ज्या डिफेन्सला स्मिथ दिसतोय तो डिफेन्स रनला अर्धा सेकंद उशिरा येतो, आणि हेंडरसनला अर्धा सेकंद म्हणजे महामार्ग.

माझं तेव्हाचं म्हणणं थोडं मागे घेतो. मी सगळं दुखापतींवर ढकललं होतं. नाना म्हणाले तेच जास्त खरं दिसतंय.

---

टेक्सासचे_तात्या | 11 जानेवारी 2025

आजवर नुसता वाचनमात्र होतो. काल कॉटन बोल या सेमीफायनलच्या मॅचला प्रत्यक्ष आर्लिंग्टनला होतो, टेक्सासच्या बाजूने, लेक ऑस्टिनला शिकते म्हणून. हाफ टाइमच्या अगदी आधी आमचे पोरं घाई करून आत शिरले आणि तुमच्या केलीने छोटासा स्क्रीन दिला हेंडरसनला. 75 यार्ड. कुणी हातही लावला नाही. माझ्या हातातला नाचोचा द्रोण तसाच. शेवटी तुमच्या सॉयरने आमच्याच क्यूबीच्या हातातून बॉल उडवून तो स्वतःच नेला एंड झोनपर्यंत. 28-14.

हा स्क्रीन मिशिगनला का नाही दिलात असं मी शेजारच्या लाल टोपीवाल्याला विचारलं. तो म्हणाला कृपया विषय काढू नका.

---

बकआय_बंड्या | 21 जानेवारी 2025

नॅशनल चॅम्पियन!!!!! 34-23!!!!! फायनलला नोत्र डामचा पहिला ड्राइव्ह 18 प्लेचा, मी म्हटलं झालं आता, आपण बॉल बघणार की नाही, आणि मग 31-7! जडकिन्स 11 रन 100 यार्ड, तीन टचडाउन, त्यातला एक रन 70 यार्डांचा! आणि शेवटी तिसऱ्या डाउनला 11 हवेत, सगळे म्हणणार रन करून घड्याळ चालवा, आणि केलीने टाकला लांब स्मिथला, 56 यार्ड!!

हेच तर म्हणत होतो ना आपण! अकरा हवेत तर मऊ व्हा, फेका!

---

डब्लिनचे_नाना | 21 जानेवारी 2025

अभिनंदन सगळ्यांचं. माझे शेजारी सकाळी बर्फ काढताना भेटले. चेहरा आनंदी. म्हणाले छान झालं, पण मिशिगनला हरलो होतो. मी फावडं तिथेच टाकून आत आलो.

---

नागपुरी_संत्रं | 21 जानेवारी 2025

नाना 😂😂😂 तो मानूस सरनावर बी हेच सांगन.

---

आकडेमोड्या | 27 एप्रिल 2025

एनएफएलचा ड्राफ्ट (प्रो टीम कॉलेजची पोरं निवडतात तो) संपला. मेसन ग्रॅहम पाचव्या नंबरला क्लीव्हलंड ब्राउन्सकडे. आणि दुसऱ्या राउंडला 36 व्या नंबरवर जडकिन्स... तोही क्लीव्हलंड ब्राउन्सकडे.

आता रोज सरावाला एकमेकांसमोर.

---

कोलंबसचा_काका | 27 एप्रिल 2025

बिचाऱ्याच्या नशिबातून ती भिंत काही सुटत नाही. अण्णा, 29 नोव्हेंबरला मॅच तुमच्याकडे आहे. हॉटेलांचे भाव आत्ताच डोळे पांढरे करतायत. आम्ही दोघं आहोत, सोफा चालेल.

---

अ‍ॅन_आर्बरचे_अण्णा | 27 एप्रिल 2025

या की, घर तुमचंच आहे. ही पिठलं-भाकरी करेल. फक्त लाल जर्सी दाराबाहेर काढायची, चपलांशेजारी.